लाल शाईची नोंद

१

निवृत्तीचा फोन आला तेव्हा मी अंगणात आकाशकंदिलाच्या वायरशी झटापट करत होतो.

"सर, म्हातारी गेली."

माझ्या हातातून होल्डर निसटला. ही म्हातारी म्हणजे निवृत्तीची आजी किंवा मावशी नव्हे. परंदवडीच्या मागच्या बंद खाणीत शृंगी घुबडांची एक जोडी राहते, त्यातली ती मादी. कोंबडीपेक्षा मोठी, डोक्यावर शिंगांसारखे दोन तुरे आणि भगभगीत नारिंगी डोळे. निवृत्ती त्या खाणीचा रखवालदार होता. खाण बंद पडली, मालक निघून गेला, निवृत्ती मात्र शेळ्या घेऊन तिथेच राहिला. म्हातारी घरट्यातून पडलेलं पिल्लू होती तेव्हापासून, नऊ वर्षं, तो तिला राखतो आहे.

"गेली म्हणजे? उडून गेली असेल."

"उडून न्हाई वो सर. कुणीतरी नेली. हितं पिसं पडल्यात आन् फास बी हाय."

दोन दिवसांवर लक्ष्मीपूजन आलं होतं. त्या अमावास्येला घुबडाचा बळी दिला की लक्ष्मी घरात ठाण मांडून बसते, असं मानणारे महाभाग आजही आहेत, आणि त्यांना घुबडं पुरवणारेही आहेत. त्यासाठीच आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपचा कडक नियम होता. घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत खाणीकडे कुणी फिरकायचं नाही आणि ग्रुपवर तिचं नावसुद्धा काढायचं नाही. ग्रुपात साठजण असले तरी ती जागा ठाऊक होती फक्त निवृत्तीला, मला, यशोधनला, आसावरीला आणि श्रीयशला.

मी तिघांना फोन केले. तासाभरात सगळे तळेगावला माझ्या घरी जमले. यशोधन म्हणजे ग्रुपचा कारभारी, पेशाने दातांचा डॉक्टर, माळकरी घरातला. माझ्या बायकोने, चंद्रिकेने, केकचा तुकडा पुढे केला तर "काकू, यात अंडं असेल," म्हणून त्याने हात मागे घेतला. आसावरी लोणावळ्याहून धावतपळत आली. ती जखमी पक्षी घरी ठेवून बरे करते. श्रीयश कारखान्यात इंजिनियर आहे, तो रात्रपाळी करून तसाच आला. दुर्बिणी आणि बाकीचं सामान माझ्या पुढच्या खोलीतल्या कपाटात असतं. ज्याने त्याने आपापलं घेतलं आणि आम्ही निघालो. आमची मांजर यशोधनच्या गाडीभोवती घुटमळत होती, तिला त्याने दोनदा हुसकलं.

चंद्रिकाही बरोबर आली. शाळेत तीस वर्षं तिने मुलींना शिवण शिकवलं. पक्ष्यांमध्ये कावळा आणि कावळा नसलेला असे दोनच प्रकार तिला माहीत आहेत. "तुमचं रक्तदाब प्रकरण आहे, मी येणार," एवढंच ती म्हणाली.

खाणीच्या पूर्वेकडच्या कड्याखाली निवृत्ती उकिडवा बसला होता. त्याच्यासमोर आठ-दहा मोठी तपकिरी पिसं पडली होती आणि दगडाला एक हिरव्या नायलॉनच्या दोरीचा फास बांधलेला होता. यशोधनने फास काठीने उचलला, निरखला आणि वळून निवृत्तीच्या छपराकडे बघितलं.

"निवृत्ती, तुझी शेळी ह्याच दोरीने बांधलेली आहे ना?"

२

शेळी हिरव्या दोरीनेच बांधलेली होती. तोच रंग, तीच जाडी.

"मागच्या महिन्यात उर्से टोलनाक्यापाशी एक गाडीवाला तुला घुबडाचं विचारत होता. तूच सांगितलंस आम्हाला," यशोधन म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली.

"व्हय, मीच सांगितलं. त्याला मी दगड घेऊन पळवला, ते बी सांगितलं हुतं की," निवृत्ती म्हणाला. "सर, तुमी तरी बोला. म्हातारीला मी इकीन? माज्या हातानं उंदरं चारली तिला."

मी काय बोलणार? बोललो नाही, हे कबूल करतो. नऊ वर्षांची ओळख असलेल्या माणसाकडे मी त्या क्षणी संशयाने बघितलं, आणि ते त्याला दिसलं.

यशोधनने वनाधिकाऱ्यांना फोन लावला. ते उद्या, गुरुवारी अकरा वाजता खाणीवर येणार होते. असा गुन्हा एकदा नावावर लागला की माणूस सहज सुटत नाही, आणि सुटला तरी गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. निवृत्तीजवळ इस्टेट म्हणाल तर चार शेळ्या आणि एक नाव. शेळ्या राहिल्या असत्या, नाव उद्या अकराला जाणार होतं.

बाकीचे गाड्यांकडे वळले. चंद्रिका मात्र खाली बसून पिसं एकेक करून रुमालात घेत होती. फासही तिने पिशवीत टाकला.

"निवृत्तीभाऊ," ती म्हणाली, "नायलॉनची दोरी तोडली की तुम्ही टोकाचं काय करता?"

"काय करनार बाई? काडी वढून जाळतो. न्हाईतर सुटतीया ती, पिंजारती."

ती उठून शेळीपाशी गेली आणि लोंबणारं टोक तिने मला दाखवलं. ते जळलेलं नव्हतं. तिथून दोरी धारदार पात्याने सपकन कापलेली होती आणि धागे पिंजारू लागले होते. फासाच्या दोरीचं एक टोक जळून गोळा झालेलं होतं, दुसरं असंच कापलेलं.

"ह्यांच्या दोरीतूनच कुणीतरी तुकडा कापलाय," ती हळूच म्हणाली. "ह्यांनी स्वतः कापला असता तर सवयीने दोन्ही टोकं जाळली असती. बरं, फासाला पिसाचा एक तंतूसुद्धा चिकटलेला नाही. आणि आता हे बघा."

तिने रुमाल उघडला. मी चाळीस वर्षं पक्षी बघतोय, शाळेत विज्ञान शिकवलंय, पण जे तिला दिसलं ते मला दिसलं नव्हतं. ओढून उपटलेल्या पिसाला खाली देठ असतो. ह्यातल्या एकाही पिसाला देठ नव्हता. सगळी मधूनच तिरकी छाटलेली होती.

"म्हातारीला फासात कुणी पकडलंच नाही," चंद्रिका म्हणाली. "तिला काहीतरी कापून गेलंय."

३

वेगाने फिरणारं, धारदार, आणि कड्यावर बसलेल्या घुबडापर्यंत पोचणारं असं काय असेल, ते माझ्या डोक्यात आलं होतं, पण तोंडाने म्हणवत नव्हतं. घरी येताच मी सरळ पुढच्या खोलीतलं कपाट उघडलं.

आमच्या ग्रुपचा एक ड्रोन आहे. उन्हाळ्यात पाणवठे मोजायला घेतला होता. सगळ्यात खालच्या फळीवर त्याचा डबा असतो. डबा जागेवर होता. मी झाकण उघडलं. ड्रोनची तीन पाती मळकट होती आणि चौथं कोरं करकरीत. चंद्रिकेने रुमालाच्या कोपऱ्याने मोटरीच्या खाचेतून काहीतरी बाहेर काढलं. तपकिरी पिसाचा नखाएवढा तुकडा होता तो.

श्रीयशला आम्ही लगेच बोलावून घेतलं. पोरगा झोपेतून उठून आला होता. ड्रोन बघताच त्याची झोप उडाली.

"काका, मी नाही हात लावला. डब्यात जादाची दोन पाती होती. आता एकच आहे. कुणीतरी तुटलेलं काढून नवं बसवलंय."

"सोमवारी संध्याकाळी तू इथे होतास. आसावरी आणि यशोधनही होते," चंद्रिका म्हणाली.

"होतो. पण सोमवारपासून माझी रात्रपाळी आहे. सकाळी आठला सुटतो. काल आणि आज आठला बाहेर पडल्याचं कार्ड दाखवतो तुम्हाला. तिथून खाणीवर जायलाच तास लागतो."

मी निवृत्तीला फोन करून विचारलं, म्हातारी शेवटची कधी दिसली. तो म्हणाला, मंगळवारी उजाडताना कड्यावर बसलेली बघून तो शेळीचं औषध आणायला सोमाटण्याला गेला होता. नऊला परत आला तेव्हा ती जागेवर नव्हती. कुठे सावलीला सरकली असेल म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. पिसं आणि फास खालच्या कपारीत होते, ते आज सकाळी दिसले.

म्हणजे सोमवारी संध्याकाळी माझ्या घरातून डबा गेला, मंगळवारी नऊच्या आत घात झाला, आणि आज सकाळी सगळे जमले तेव्हा डबा गुपचूप परत आला. निवृत्ती तर माझ्या घरी कधी आलाच नव्हता. त्याला मी कधी बोलावलंच नव्हतं, हेही त्याच वेळी ध्यानात आलं.

"अहो," चंद्रिका म्हणाली, "ज्याने हे केलं तो आज सकाळी आपल्याकडे चहा पिऊन गेला."

४

गुरुवारी सकाळी साडेनऊला आम्ही लोणावळ्याला आसावरीच्या दारात होतो. अकराला दीड तास उरला होता. नोंदवही मी सोबत घेतली होती, कारण कोण कुठल्या दिवशी कुठे होतं हे तिच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

ह्या वहीची थोडी हकिगत सांगायला हवी. पावसाळा सरला की उत्तरेकडचे पाहुणे पक्षी मावळात उतरू लागतात. प्रत्येक जातीचा त्या मोसमातला पहिला पक्षी ज्याला दिसेल, त्याचं नाव मी वहीत लाल शाईने लिहितो. बाकीच्या नोंदी काळ्या शाईत. बक्षीस वगैरे काही नाही, नुसती लाल शाई. पण तिच्यासाठी शिकलीसवरलेली माणसं पहाटे चारला उठतात आणि दुसऱ्याला आधी दिसला तर आठ दिवस बोलत नाहीत. एकदा केलेली नोंद खोडायची नाही हा नियम यशोधनने घातलेला. वहीत खाडाखोड दिसली की तिची किंमत गेली, असं तो म्हणायचा.

आसावरीने दार अर्धंच उघडलं. मागच्या खोलीतून जड पंखांची फडफड ऐकू आली.

"आत काय आहे?" मी विचारलं.

ती बाजूला झाली. मोठ्या पिंजऱ्यात चादरीखाली एक घार होती, पतंगाच्या मांज्याने पंख चिरलेली. मी खुर्चीत बसलो.

"माझ्यावर संशय आला तुम्हाला, सर?" आसावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "येणारच. मंगळवारी सकाळी मी एकटीच होते. वळवण तलावावर. पण मला कुणी बघितलं नसणार, कारण मलाच काही दिसत नव्हतं. इतकं धुकं. नऊपर्यंत थांबले आणि परत आले. तसं ग्रुपवर टाकलंय मी."

तिने फोन दाखवला. सात चाळीसला तिने लिहिलं होतं, 'वळवणला धुकं. हाताचं बोट दिसेना. आज नशीब नाही.'

त्याच्या बरोबर वर, सात बाराला, यशोधनचा फोटो होता. 'पहिला निळा कस्तूर! वळवण धरणाची भिंत.' खाली साठ जणांचे अंगठे आणि फुलं. निळा कस्तूर हा हिमालयाकडून येणारा पाहुणा, बुलबुलापेक्षा थोडा मोठा, शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा, नेहमी खडकावर बसणारा. चार वर्षं ती लाल नोंद आसावरीने पटकावली होती. ह्या वर्षी यशोधनला मिळाली म्हणून मीच त्याचं कौतुक केलं होतं, आणि मंगळवारी आठच्या आत वहीत लाल शाईने लिहूनही टाकलं होतं.

"वाईट वाटलं मला," आसावरी म्हणाली. "म्हटलं, भिंतीच्या त्या टोकाला ऊन आलं असेल."

चंद्रिकेने चष्मा वर सारून फोटो मोठा केला. "ऊन किती स्वच्छ आहे बघा. पाखराची सावली दगडावर काढल्यासारखी पडली आहे." मग तिने पंखावर बोट ठेवलं. "ह्याच्या पंखात हे पांढरं काय आहे?"

मी बघितलं. डाव्या पंखात एकच पांढरं पीस होतं.

मी वही उघडली. मागच्या तीन वर्षांच्या काळ्या नोंदी सापडल्या. 'निळा कस्तूर, नर. डाव्या पंखात एक पांढरं पीस. दर साली त्याच कपारीवर बसतो. निवृत्तीने दाखवला.' प्रत्येक नोंदीत ठिकाणाची जागा कोरी होती. वहीत ज्याचं नाव घ्यायचं नाही असं आमचं ठिकाण एकच होतं.

"अहो, उठा," चंद्रिका म्हणाली. "आसावरी, तुझी औषधांची पेटी घे. म्हातारी अजून जिवंत असेल."

"कशावरून?"

"मांजरीवरून."

५

यशोधनचा लोणावळ्यातला बंगला तिथून दहा मिनिटांवर. तो दारातच भेटला. खाणीवर जायला निघाला होता.

"सर, तुम्ही इकडे? अकराला—"

"अकराला अवकाश आहे," चंद्रिका म्हणाली. "यशोधन, तू अंड्याचा केक खात नाहीस. मग काल तुझ्या गाडीत मटण कशाला होतं?"

तो हसायचा प्रयत्न करू लागला. "काकू, काहीतरीच काय?"

"आमची मांजर म्हातारी झालीय, दुधालासुद्धा उठत नाही. काल ती तुझ्या गाडीला सोडायला तयार नव्हती. तुझ्या घरात कोण मटण खातं?"

यशोधन माझ्याकडे वळला. मी वही उघडून लाल नोंद त्याच्यासमोर धरली. फोटो त्याच्यासमोर धरला. पांढऱ्या पिसावर बोट ठेवलं.

"हा निवृत्तीचा कस्तूर आहे. तीन वर्षं खाणीतल्या एकाच कपारीवर येतोय. तू वळवण लिहिलंस. वळवणला त्या सकाळी धुक्याने बोट दिसत नव्हतं."

"एखाद्या दिवशी पक्षी दुसरीकडे जाऊ शकतो, सर. तुम्हीच शिकवलंय."

"पक्षी जाईल," चंद्रिका म्हणाली. "पण धुक्यात सावली पडत नाही. ड्रोनच्या मोटरीत म्हातारीचं पीस सापडलंय. श्रीयश तेव्हा कारखान्यात होता. आसावरीच्या हाती जखमी घुबड आलं असतं तर तिला लपवायची गरज नव्हती, तिचं घर त्याचसाठी आहे. उरलास तू. नियम मोडून पहाटे खाणीवर गेलास. कस्तूर दिसला, तुला राहवलं नाही, तिथूनच फोटो टाकलास आणि खाणीचं नाव घेता येईना म्हणून वळवण लिहिलंस. तोपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. मग ड्रोन उडवलास."

यशोधन पायरीवर बसला.

"वरून फोटो हवा होता," तो म्हणाला. "उगवत्या उन्हात बसलेली म्हातारी. असा फोटो कुणाकडेच नाही. ती अचानक उठली आणि सरळ ड्रोनवर आली. मी तिला तिथे सोडून आलो नाही, सर. जाकिटात गुंडाळून घरी आणली."

"आणि शेळीची दोरी कापून फास लावलास," मी ओरडलो. मला इतका राग आयुष्यात आला नव्हता. "निवृत्ती तुरुंगात गेला असता!"

"मला वाटलं, बाहेरच्या शिकाऱ्यांवर जाईल. मग दोरी सगळ्यांना दिसली आणि... मागे फिरताच येईना."

"दोरी तूच दाखवलीस," चंद्रिका म्हणाली.

आसावरी आमच्यासाठी थांबली नव्हती. ती आत गेली होती. मागच्या कोठीच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच आवाज नाही. ती म्हातारी मेलेली निघाली असती तर निवृत्तीला काय सांगायचं, तेच मला सुचत नव्हतं.

मग खोलीतून चोचीचा टक टक असा आवाज आला. घुबड चिडलं की करतं तसा.

"पंख वाईट कापलाय, पण हाड शाबूत आहे," आसावरी आतून म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "सर, निवृत्तीला फोन लावा. आधी त्याला सांगा."

मी लावला. त्याने उचलला तेव्हा मागे गाडीचं दार वाजल्याचं ऐकू आलं. वनाधिकारी वेळेआधीच पोचले होते.

"निवृत्ती, म्हातारी सापडली. जिवंत आहे. फोन साहेबांना दे."

पलीकडून नुसता रडण्याचा आवाज येत होता.

६

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी निवृत्ती प्रथमच आमच्या घरी जेवायला आला. चंद्रिकेने मुद्दाम बोलावलं होतं. मी त्याची माफी मागितली. "जाऊ द्या वो सर," म्हणून त्याने विषय बदलला, त्यामुळे मला जास्तच लाजल्यासारखं झालं. म्हातारी आसावरीकडे होती आणि तिचा नर रोज सांजेला कड्यावर बसून तिला हाका मारत होता, असं तो सांगत होता.

तेवढ्यात यशोधन आला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता, ग्रुप त्याने सोडला होता. तो उंबऱ्यातच उभा राहिला. निवृत्तीला बघून त्याने हात जोडले. निवृत्तीने मान हलवली, पण हात जोडले नाहीत.

"सर, एकच मागणं आहे," यशोधन म्हणाला. "ती कस्तूरची नोंद खोडा. दर वर्षी ती वही सगळे उघडतात. माझं नाव लाल शाईत दिसणार, तारीख, वेळ, सगळं."

मी वही काढली. खरं सांगतो, माझंही मन होत होतं. ते पान मलाही नको होतं. खाडाखोड नको हा नियम त्याचाच, पण ते त्याला ऐकवायची माझी इच्छा राहिली नव्हती. मी निवृत्तीकडे बघितलं. "तू सांगशील तसं करतो."

निवृत्तीने ताटातला हात थांबवला.

"ऱ्हाऊ द्या सर," तो म्हणाला. "कस्तूर त्या दिशी खरंच आलता. ह्यास्नीच आदी दिसला. आपल्या भांडनापायी पाखराला कशाला खोटं पाडायचं?"

मी लाल पेन उघडलं. नाव तसंच ठेवलं, तारीख आणि सात वाजून बारा मिनिटं तशीच ठेवली. 'वळवण' ह्या शब्दापुढे 'दुरुस्ती' असं लिहून त्याच्याखाली मी पहिल्यांदाच वहीत ते नाव घातलं, 'परंदवडीची खाण'. मग वही यशोधनसमोर धरली. दुरुस्तीखाली ज्याच्या नावाची नोंद त्याची सही लागते, हाही त्याचाच नियम होता.

त्याने सही केली. चंद्रिकेने त्याला जेवतोस का म्हणून विचारलं, पण तो नको म्हणाला आणि निघून गेला. निवृत्तीने वही जवळ ओढली, ते पान एकदा बघितलं आणि पुन्हा जेवायला लागला.